विल्सनची शिदोरी : अन्न का नासते, कसे टिकते?

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. एक गृहस्थ अनोळखी रानात एकटाच सापडला आहे. त्याच्याजवळ घर नाही, शिधा नाही, माणसांची सोबत नाही. दिवसभर हिंडून त्याने थोडी गाजरे, मूठभर रानफळे आणि मांसाचे काही तुकडे मिळवले आहेत. आजचे पोट भरेल. पण तीन आठवड्यांनी हिवाळा सुरू होणार आहे. तेव्हा झुडपांना फळे नसतील, रानात गाजरे नसतील. जवळचे मांस तर सहा दिवसांतच नासून जाणार. मग त्याने काय करावे?

या गृहस्थाचे नाव विल्सन. तो खरा माणूस नाही. 'डोन्ट स्टार्व्ह', म्हणजे 'उपाशी मरू नकोस', या संगणकावरच्या खेळाचा तो नायक आहे. कॅनडातील व्हँकुव्हर शहरातल्या क्ले एन्टरटेन्मेन्ट या कंपनीने हा खेळ २०१३ साली प्रसिद्ध केला. रानात लाकूडफाटा, दगड, गवत गोळा करायचे, त्यांतून अवजारे बनवायची, अन्न मिळवायचे आणि जितके दिवस जमेल तितके दिवस जिवंत राहायचे, असा हा खेळ. तुमच्यापैकी काही जणांनी तो खेळलाही असेल. 'माइनक्राफ्ट' या याहून प्रसिद्ध खेळात अन्न कधीच नासत नाही. पेटीत ठेवलेली पाव-भाकरी वर्षभराने काढली तरी ताजी. विल्सनच्या जगात मात्र ताजेपणा क्षणाक्षणाला कमी होतो. म्हणूनच अन्न टिकवण्याचे शास्त्र समजून घ्यायला त्याची शिदोरी आपल्याला उपयोगी पडेल. या शिदोरीत पुष्कळ गोष्टी खऱ्या आहेत, तर काही अगदी चुकीच्या आहेत. आणि ज्या चुकीच्या आहेत त्या आपल्या स्वयंपाकघरात धोक्याच्या ठरू शकतात.

खेळातले नियम

खेळातला एक दिवस आपल्या घड्याळाच्या ८ मिनिटांचा असतो. कच्चे मांस ६ दिवस टिकते, म्हणजे आपली ४८ मिनिटे. तेच मांस आगीवर भाजले तर १० दिवस टिकते. लाकडी मांडवावर टांगून वाळवले तर २० दिवस टिकते. कोणतेही अन्न शीतपेटीत ठेवले की नासण्याचा वेग निम्मा होतो. म्हणजे वाळवलेले मांस तेथे ४० दिवस राहील. हिवाळ्यात शीतपेटीबाहेरही हा वेग तीन चतुर्थांशावर येतो. मध मात्र कधीच नासत नाही.

अन्नाची अवस्था खेळाडूला रंगावरून कळते. ताजे अन्न हिरव्या रंगाने दाखवतात. ताजेपणा निम्म्यावर आला की रंग पिवळा होतो, एक पंचमांशावर आला की लाल होतो आणि शून्यावर पोचला की अन्नाची कुजकी माती होते. ही माती झाडांना खत म्हणून घालता येते.

वाळवणे, थंड ठेवणे, शिजवणे आणि मध. या चारही गोष्टी माणसाला हजारो वर्षांपासून माहीत आहेत. पण त्या लागू का पडतात, हे समजायला आधी 'नासणे' म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

नासणे म्हणजे कोणीतरी जेवणे

एखादी वस्तू जुनी झाली म्हणून झिजते, तसे अन्न जुने झाले म्हणून नासते असे नाही. अन्न नासते, कारण आपल्या आधी दुसरेच कोणी तरी ते खाऊ लागते. हे 'कोणी तरी' म्हणजे जीवाणू, यीस्ट आणि बुरशी. हवेत, पाण्यात, मातीत, भांड्यांवर, आपल्या हातांवर ते सर्वत्र असतात. त्यांना ऊब, पाणी आणि अन्न मिळाले की त्यांची वाढ झपाट्याने होते.

हा झपाटा किती असतो याचा हिशेब करून पाहा. अनुकूल परिस्थितीत काही जीवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. सकाळी आठ वाजता अन्नावर एकच जीवाणू बसला आहे असे समजा. नऊ वाजता ८ होतील, दहा वाजता ६४. दुपारी चार वाजेपर्यंत, म्हणजे ८ तासांत, २४ वेळा दुप्पट होऊन त्यांची संख्या १,६७,७७,२१६ होईल! म्हणूनच अन्नाच्या बाबतीत पहिल्या दोन तासांत आणि नंतरच्या दोन तासांत फार अंतर असते. विल्सनच्या शिदोरीतला ताजेपणा सरळ रेषेत उतरतो. खऱ्या अन्नावरचे जीवाणू मात्र आधी हळूहळू आणि मग एकदम वाढतात. मांस, दूध, शिजवलेले अन्न उघड्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असा जो नियम सांगतात, त्याचे कारण हेच. तापमान ३२° सेल्सियसच्या वर असेल तर हीच मर्यादा एका तासावर येते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांचा विचार करा, म्हणजे या एका तासाचे महत्त्व पटेल.

आता अन्न टिकवण्याचे सूत्र सोपे झाले. या आगंतुकांना जे लागते ते द्यायचे नाही. निरनिराळ्या पद्धती म्हणजे काहीना काही नाकारण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत.

पाणी काढून घ्या

विल्सन मांस वाळवतो म्हणजे काय करतो? ताज्या मांसात सुमारे ७५ टक्के पाणी असते. १ किलो मांस घेतले तर ७५० ग्रॅम पाणी आणि २५० ग्रॅम इतर पदार्थ. आता ते इतके वाळवले की उरलेल्या वजनात पाणी फक्त २० टक्के राहिले. मग २५० ग्रॅम हा ८० टक्के भाग झाला. म्हणजे एकूण वजन सुमारे ३१२ ग्रॅम आणि त्यात पाणी अवघे ६२ ग्रॅम. जवळजवळ ६९० ग्रॅम पाणी उडून गेले. मांस टिकाऊ झाले आणि शिदोरीचे ओझेही तिपटीहून अधिक हलके झाले.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात राहणारे लोक असे मांस पूर्वीपासून वाळवत आले आहेत. त्यांच्या केचुआ भाषेतल्या 'चार्की' या शब्दावरूनच वाळवलेल्या मांसाचे 'जर्की' हे इंग्रजी नाव आले, आणि खेळातही तेच नाव आहे. आपल्या कोकण किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील टांगलेले तुम्ही पाहिले असतील. बोंबील हा अतिशय पाणीदार मासा. ताजा असताना चटकन खराब होतो, पण कडक वाळला की महिनोन्महिने राहतो. उन्हाळ्यातले पापड, कुरडया, सांडगे यांचेही रहस्य हेच.

पण एकूण पाणी किती, यापेक्षा जीवाणूंना वापरता येईल असे 'मोकळे' पाणी किती, हे अधिक महत्त्वाचे असते. शास्त्रज्ञ ते ० ते १ या मापाने मोजतात. शुद्ध पाण्याचे माप १ धरले, तर ताज्या मांसाचे सुमारे ०.९९ येते. हे माप ०.९१ च्या खाली गेले की बहुतेक जीवाणूंची वाढ थांबते. बुरशी त्याहून चिवट, ती ०.८० च्या खालीही तग धरते. ०.६० च्या खाली मात्र कोणताही सूक्ष्मजीव वाढू शकत नाही.

मीठ आणि साखर यांचे काम येथे लक्षात येईल. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळाने भांड्यात पाणी सुटते. बाहेर मिठाचे तीव्र द्रावण आणि आत कैरीतला सौम्य रस; तेव्हा पाणी पेशीच्या पडद्यातून बाहेरच्या तीव्र द्रावणाकडे जाते. याला परासरण म्हणतात. जीवाणू हीसुद्धा एक पेशीच असते. मिठाच्या संपर्कात तिच्यातलेही पाणी बाहेर ओढले जाते आणि तिची वाढ खुंटते. मोरंब्यात हेच काम साखर करते.

'डोन्ट स्टार्व्ह टुगेदर' या अनेकांनी मिळून खेळायच्या भावंड-खेळात मिठाच्या खड्यांपासून बनवलेली एक पेटी आहे. तिच्यात ठेवलेले अन्न चौपट टिकते. गंमत म्हणून हे ठीक आहे. पण भिंती मिठाच्या असून उपयोग नाही. मीठ अन्नात मुरले पाहिजे. मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेली कैरी टिकत नाही, मिठात घातलेली टिकते.

ऊब काढून घ्या

विल्सनची शीतपेटी फळ्या, सोने आणि एक दातेरी चक्र यांपासून तयार होते. तिला बर्फ लागत नाही, वीजही लागत नाही. खऱ्या जगात हे शक्य नाही. पेटीच्या आतली उष्णता सतत बाहेर काढावी लागते आणि त्यासाठी ऊर्जा खर्च करावी लागते. वीज गेली की फ्रिजचे दार वारंवार उघडू नये असे मोठी माणसे सांगतात ते याचसाठी. दार बंद ठेवले तर आतले अन्न सुमारे ४ तास सुरक्षित राहते.

थंडीत जीवाणू मरतात असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. थंडीत त्यांच्या शरीरातल्या रासायनिक क्रिया मंदावतात, एवढेच. फ्रिजमध्ये ४° सेल्सियसला बहुतेक जीवाणू अगदी सावकाश वाढतात. बर्फकप्प्यात −१८° सेल्सियसला त्यांची वाढ थांबते, पण अनेक जण जिवंत राहून वाट पाहत असतात. अन्न बाहेर काढले आणि ऊब मिळाली की ते पुन्हा कामाला लागतात. शीतपेटीत 'वेग निम्मा होतो' हा खेळातला नियम या दृष्टीने योग्य आहे. तेथे वेळ मंदावते, मागे जात नाही.

आगीची ताकद आणि तिची मर्यादा

थंडी जे करत नाही ते उष्णता करते. ती सूक्ष्मजीवांना मारते. या गुणाचा पद्धतशीर उपयोग प्रथम फ्रान्समधल्या निकोला आपेर या मिठाईवाल्याने केला. अन्न काचेच्या बाटलीत भरायचे, बूच घट्ट बसवायचे आणि ती बाटली बराच वेळ उकळत्या पाण्यात ठेवायची, अशी त्याची रीत होती. सैन्याला आणि नौदलाला टिकाऊ अन्न हवे होते. कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस दिले आणि त्याने आपली पद्धत पुस्तकरूपाने जाहीर केली. अन्न का टिकते हे मात्र आपेरला ठाऊक नव्हते. त्याचे उत्तर १८६० च्या सुमारास लुई पाश्चर यांच्या प्रयोगांतून मिळाले.

पण उकळण्यालाही मर्यादा आहे. काही जीवाणू संकटकाळी आपल्याभोवती कठीण कवच तयार करून स्वस्थ पडून राहतात. या रूपाला बीजाणू म्हणतात. उकळत्या पाण्याच्या १००° सेल्सियस तापमानातही अनेक बीजाणू मरत नाहीत. त्यांच्यासाठी दाबाखालची वाफ वापरून तापमान १२१° सेल्सियसपर्यंत न्यावे लागते. डबाबंद अन्नाच्या कारखान्यांत मोठमोठे प्रेशर कुकर असतात ते यासाठीच.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा असाच एक बीजाणू करणारा जीवाणू. त्याला हवा नको असते. नीट न तापवलेल्या हवाबंद डब्यात त्याला मोकळे रान मिळते आणि तेथे तो अत्यंत जहाल विष तयार करतो. आंबट पदार्थात तो वाढू शकत नाही. आपले कैरीचे आणि लिंबाचे लोणचे सुरक्षित राहते त्यात मिठाइतकाच आंबटपणाचाही वाटा आहे. उलट, लसूण नुसत्या तेलात बुडवून तशीच बाहेर ठेवून देणे धोक्याचे. तेलामुळे हवा बंद होते, आंबटपणा तर नसतोच. फुगलेला डबा तर कधीही उघडून चव पाहू नये. तो सरळ टाकून द्यावा.

जेथे खेळ चुकतो

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. खेळात असा एक नियम आहे की, शिळे झालेले अन्न शिजवले तर त्याचा गेलेला ताजेपणा निम्मा परत येतो. समजा, मांसाचा ताजेपणा २० टक्के उरला आहे. म्हणजे ८० टक्के गेला. ते भाजले की त्यातला निम्मा, ४० टक्के, परत मिळून ताजेपणा ६० टक्के होतो. लाल खूण जाऊन पुन्हा हिरवी येते! चतुर खेळाडू म्हणूनच मांस अगदी नासायला आले की मग भाजतात.

खऱ्या अन्नाच्या बाबतीत हा डाव खेळू नका. आग जीवाणूंना मारील. पण त्यांनी आधीच अन्नात सोडलेले विष आगीने नाहीसे होईलच असे नाही. स्टॅफिलोकॉकस नावाचा जीवाणू आपल्या त्वचेवर आणि नाकात असतो. हाताला जखम असलेल्या व्यक्तीने केलेला पदार्थ तासन् तास उबेत राहिला, तर तो तेथे वाढून विष तयार करतो. नंतर पदार्थ खळखळा उकळला तरी हे विष टिकून राहते.

दुसरे उदाहरण आपल्या रोजच्या ताटातले आहे. तांदळावर बॅसिलस सेरियस या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. भात शिजताना ते मरत नाहीत. रात्रीचा भात पातेल्यात झाकून ओट्यावर तसाच राहिला, तर मधल्या भागाची ऊब बराच वेळ टिकते. बीजाणू जागे होतात, वाढतात आणि त्यांच्यातले काही प्रकार उलट्या करवणारे विष सोडतात. सकाळी आपण त्या भाताला मोहरी-हळदीची फोडणी देतो. भात वाफाळतो, घमघमतो, अगदी ताजा वाटतो. खेळाच्या भाषेत बोलायचे तर लाल खूण हिरवी झाली. पण हे विष फोडणीच्या उष्णतेला दाद देत नाही!

म्हणून फोडणीचा भात सोडून द्यायचा का? मुळीच नाही. उरलेला भात दोन तासांच्या आत पसरट थाळ्यात पसरून थंड करायचा, झाकून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी फोडणी द्यायची. फ्रिज नसेल तर लागेल तेवढाच भात लावायचा. विष तयार होऊ द्यायचे नाही. तयार झाल्यावर ते घालवता येत नाही.

खेळातली दुसरी चूक रंगाची. अन्न बिघडले की खेळात लाल खूण दिसते. आपल्या अन्नावर अशी खूण नसते. वास, बुळबुळीतपणा, बुरशी ही काही बिघाडांची लक्षणे होत. परंतु आताच सांगितलेल्या बोट्युलिनमच्या किंवा भाताच्या विषाला वास, रंग, चव काहीच नसते. 'वास घेऊन पाहा, चांगले असेल तर खा' हा नियम म्हणूनच अपुरा पडतो. अन्न शिजल्यापासून किती वेळ आणि कोणत्या तापमानाला होते, हे लक्षात ठेवणे हीच आपली खूण.

मध नासत नाही, तरीही...

विल्सनच्या शिदोरीतला मध कधी नासत नाही. हा नियम बराचसा खरा आहे. मधातल्या मोकळ्या पाण्याचे माप सुमारे ०.६० असते, आणि तो थोडा आंबटही असतो. त्यात कोणी वाढू शकत नाही. पण 'वाढू शकत नाही' म्हणजे 'तेथे कोणी नाही' असे नव्हे. बोट्युलिनमचे बीजाणू मधात निपचित पडलेले असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांचे काही चालत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते जागे होऊन विष तयार करू शकतात. म्हणून एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, असे डॉक्टर बजावून सांगतात. आपल्याकडे नवजात बाळाला मध चाटवण्याची चाल अनेक घरांत आहे. तुमच्या घरी किंवा शेजारी बाळ असेल तर ही माहिती मोठ्या माणसांना जरूर सांगा.

करून पाहा : पोळीचे चार तुकडे

टाकून देता येतील अशा झाकणाच्या चार पारदर्शक बरण्या घ्या. एका ताज्या पोळीचे चार सारखे तुकडे करा.

१. पहिल्या तुकड्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडून तो बरणीत ठेवा. बरणी टेबलावर ठेवा.

२. दुसरा तुकडा तव्यावर मंद आचेवर अगदी कडक होईपर्यंत भाजा. निवल्यावर बरणीत ठेवा. ही बरणीही टेबलावर ठेवा.

३. तिसऱ्या तुकड्यावर पहिल्यासारखेच पाणी शिंपडा. बरणी फ्रिजमध्ये ठेवा.

४. पाण्यात विरघळेल तितके मीठ विरघळवा. त्यात चौथा तुकडा बुडवून, निथळून बरणीत ठेवा. बरणी टेबलावर ठेवा.

चारही झाकणे चिकटपट्टीने बंद करा. कोणत्या तुकड्यावर आधी बुरशी येईल आणि का, हा अंदाज आधी वहीत लिहा. मग आठ-दहा दिवस रोज ठरावीक वेळी बाहेरून निरीक्षण करा आणि तक्ता तयार करा. बरणी उघडू नका. बुरशीचे बीजाणू हुंगणे चांगले नाही. प्रयोग संपल्यावर बरण्या न उघडताच टाकून द्या. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात गटागटाने करून घेतल्यास, प्रत्येक गटाच्या तक्त्यात फरक का पडला यावरही चांगली चर्चा होऊ शकेल.

पाणी, ऊब, हवा, आंबटपणा. या चार किल्ल्या हातात असल्या की कोणतेही लोणचे, पापड, मोरंबा किंवा डबा समोर आला तरी त्याचे कुलूप तुम्हाला उघडता येईल. त्यातल्या कोणत्या किल्लीने हे अन्न टिकले आहे, असे आज घरातल्या फळीवरच्या एकेका बरणीकडे पाहून स्वतःला विचारा. आणि विल्सनबरोबर पुन्हा रानात जाल तेव्हा मांस लाल खूण येईपर्यंत खुशाल राखून ठेवा. त्याच्या आगीत गेलेला वेळ परत येतो. आपल्या चुलीत येत नाही.